कोर्ट की कोट: ओमानमधल्या एका विलायतीची तीन न्यायालयं

गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, कोर्ट बघायला निघालेल्या मला एका किल्ल्याच्या दारात उतरवण्यात आलं. वेळ घड्याळ बघून लिहिली आहे, कारण आमच्या घरात नंतर "असं काही ठरलंच नव्हतं" म्हणायची पद्धत आहे.

किल्ल्यांशी माझं वैर नाही, पण माझा जन्म वसईचा. लहानपणी पाहुणा आला की त्याला किल्ला दाखवायचं काम माझं. लग्न झालं तेव्हा फोटो किल्ल्यात. मुलीचं लग्न झालं तेव्हा फोटो किल्ल्यात, आणि भर मे महिन्यात. साठी उलटली तेव्हा मी जाहीर केलं की आता मला कोणी पडकी भिंत दाखवायची नाही. मी बघते ती कोर्टं. तालुक्याच्या कोर्टात बेंच क्लार्क म्हणून लागले आणि सहायक अधीक्षक म्हणून बाहेर पडले. मधल्या काळात आमच्या कोर्टाने दोनदा जागा बदलली आणि दोन्ही वेळा कपाटं कुठे लागणार यावर मी वाद घातला. तेव्हापासून मला हा नाद आहे. कुठल्याही गावी गेले की आधीचं कोर्ट कुठे होतं, त्याच्या आधीचं कुठे होतं, आणि आता तिथे काय आहे, एवढं मला बघायचं असतं. लोक याला विक्षिप्तपणा म्हणतात. तेच लोक विमानाने जाऊन झुकलेला मनोरा बघतात.

सध्या मी मस्कतला मुलीकडे आहे. शेरिल आणि जावई ग्लेन मदिनत सुलतान काबूसला राहतात. इथे कामगार मालकाला अर्बाब म्हणतात. माझा अर्बाब ग्लेन, कारण माझा व्हिसा त्याच्या नावावर आहे आणि गेल्या महिन्यापासून मला एकटीने कुठे जायची बंदीही त्यानेच घातली आहे. कारणं दोन. एक, इथल्या हमरिया भागातल्या एका वाण्याने कोकम म्हणून मला वाळवलेली चिंच दिली आणि मी त्याला फरक समजावून सांगितला. समजावणं लांबलं तेव्हा त्याने ग्लेनला फोन लावला. दोन, बस माझ्या थांब्यावर थांबली नाही म्हणून मी चालकाशी बोलत बोलत शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. दोन्ही वेळा बरोबर मीच होते, पण अपील चाललं नाही. शेवटी तडजोड झाली. मला एक दिवस ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर सोडायचं. त्या दिवशी मी कोणाशीही भांडले नाही, तर बंदी उठेल आणि यापुढे मी बसने एकटी कुठेही जाऊ शकेन. साक्षीदार ड्रायव्हर.

म्हणजे ही सहल नव्हती, परीक्षा होती. ज्यांना असंच जायचं असेल त्यांच्यासाठी तपशील देत जाते, पण माझं अर्धं लक्ष जिभेवर होतं हे ध्यानात ठेवा.

ड्रायव्हर दाऊदभाई मूळचे रत्नागिरीकडचे, राहतात वादी अदाईला. ओमानात इतकी वर्षं काढलीत की मराठीत यल्ला, म्हणजे चला, आणि खलास मिसळल्याशिवाय त्यांचं वाक्य संपत नाही. दिवसभराच्या गाडीचे पेट्रोलसकट तीस रियाल ठरले. मस्कतहून निझ्वाकडे जाणारा रस्ता इतका गुळगुळीत आहे की वसईच्या माणसाला आधी संशय येतो आणि मग झोप. दोन्ही बाजूंना डोंगर, एकावरही झाड नाही, आणि तरी बघत राहावंसं वाटतं. फंजा गावाच्या पुढे चहाच्या टपरीसमोर दाऊदभाईंनी गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवला.

"हॉर्न कशाला?"

"चा आणायला, आंटी. हितं असंच. आपण उतरायचं नाय."

"माणसाला हॉर्न वाजवून बोलवायचं? आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर असत्या तर त्यांनी तुम्हाला गाडीवर उभं केलं असतं."

"सिस्टर लोकांची गाडी पण हितंच थांबते. हॉर्न मारतात."

मी चहा घेतला. करक चहा म्हणजे उकळून उकळून दाट केलेला वेलचीचा चहा. त्याच्याबरोबर पराठा, आत अंडं, चीज आणि चुरलेले चिप्स. ऐकायला वाईट, खायला फार चांगला. दोघांचं मिळून एका रियालच्या आत भागतं.

इझकीच्या अलीकडे आम्ही आत वळलो. गावाचं नाव मी छापत नाही. पुढे कोण कुठे बसायचं यावरून जे झालं, त्यात गावाचा काही दोष नव्हता. ज्याला जायचं असेल त्याने मला खासगीत विचारावं. एवढं सांगते की इथे तालुक्याला विलायत म्हणतात. माझे आजोबा विलायत म्हणजे लंडन समजत. त्यांची नात विलायतेला गेली, पण ती खजुराच्या बागेतून आणि एक फाटा चुकून. शिवाय प्रत्येक विलायतीवर एक अधिकारी असतो, त्याचं पद वाली. आपल्याकडे तालुक्याला कोणी वाली नाही म्हणून आयुष्यभर लोक कोर्टात रडले. इथे तो सरकार नेमून देतं.

आणि मग नऊ चाळीस. समोर मातीच्या रंगाच्या भिंती, गोल बुरूज, वर झेंडा.

"हे काय आहे, दाऊदभाई?"

"कोट, आंटी."

"मला कोर्ट बघायचं होतं."

"ग्लेनसाब फोनवर बोल्ले, मम्मींना तीन जुने कोट बघायचेत. मी बोल्लो, तीनच कशाला, वाटेत पाच हायत."

"कोर्ट. न्यायालय. जज्ज, वकील, आरोपी."

दाऊदभाईंनी थोडा विचार केला. "मग र कुठं गेला?"

र कुठे गेला ते मला माहीत होतं. ग्लेनने फोन केला तेव्हा त्याच्या तोंडात पाव होता. तोंडात घास असताना बोलू नये हे मी त्याला लग्नाच्या आधीपासून सांगते आहे, तेव्हा कोणाला वाटलं होतं की त्यातून माझं एवढं नुकसान होईल? कोकणातल्या माणसाला कोट म्हणजे किल्ला, त्यात दाऊदभाईंची चूक नाही. पण म्हणजे ठरवून, पैसे मोजून, दीड तास प्रवास करून मी पुन्हा एका पडक्या भिंतीसमोर होते, आणि ओरडायची सोय नव्हती.

दाऊदभाईंना माझा चेहरा बघवला नसावा. दारातल्या पहारेकऱ्याकडे जाऊन त्यांनी विचारलं, इथलं महकमा, म्हणजे कोर्ट, कुठे आहे? पहारेकरी माझ्याच वयाचा, पांढरा झगा, भरतकामाची टोपी. त्याने नवीन कोर्टाचा रस्ता हात लांब करून दाखवला. मग अंगठा मागे वळवून किल्ल्याच्या आत दाखवला आणि काही बोलला.

"काय म्हणतो?"

"बोलतो, नवं तिकडं हाय. जुनं हवं असंल तर हेच." दाऊदभाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "आंटी, वाली आणि काझी कोटातच बसायचे. कोटातच कोर्ट. ग्लेनसाब बरोबर बोल्ले."

ग्लेन बरोबर बोलला नव्हता. ग्लेनचा पाव बरोबर बोलला होता. तरी मी मुकाट्याने तिकीट काढलं. दोनेक रियाल, पाणी सोबत ठेवा, आणि गुडघ्यांची तक्रार असेल तर आत शिरण्यापूर्वीच करून घ्या, कारण पायऱ्या एकेक हातभर उंच आहेत.

आता जी गोष्ट सांगते ती किल्ला म्हणून वाचू नका, कोर्ट म्हणून वाचा. दारातून आत गेलं की भिंतीला लागून मातीचा ओटा. फिर्यादी इथे थांबायचे, हत्यारं इथे ठेवायचे. आमच्याकडे लोक व्हरांड्यात थांबतात आणि हत्यारं जिभेवर असतात, एवढाच फरक. ओट्यावरून जिना चढला की लांबट खोली, गालिचे, भिंतीत कोनाडे. इथे वाली आणि काझी शेजारी शेजारी. जिन्याखाली कोठडी. निकाल लागला की आरोपीला न्यायचं म्हणजे एक जिना उतरायचा. पोलीस व्हॅन नाही, पेट्रोल नाही, "गाडी उपलब्ध नसल्याने आरोपीस हजर करता आले नाही" नाही. आणि दारावर एक भोक, त्यातून हल्लेखोरांच्या डोक्यावर उकळता खजुराचा पाक ओतायचे. कोर्टाच्या दाराला अशी सोय पाहिजे असं मला नोकरीत पुष्कळदा वाटलं होतं. पाकाचं सुचलं नव्हतं.

पहारेकरी सोबत वर आला. तो मला "मामा" म्हणत होता. अरबीत मोठ्या बाईला मानाने तसं म्हणतात. सकाळपासून मला मामा बनवलं जातंच होतं, आता कोणी तोंडावर म्हणालं इतकंच.

"आणि लिहून कोण घ्यायचं?" मी विचारलं. दाऊदभाईंनी अरबीत विचारलं.

"कातिब," पहारेकरी म्हणाला. म्हणजे कारकून. म्हणजे मी.

"तो कुठे बसायचा?"

पहारेकऱ्याने दाराजवळचा कोपरा दाखवला. बाकी खोलीत गालिचे होते. तिथे नव्हता.

"तिथे? जमिनीवर?"

"जमिनीवर," पहारेकरी म्हणाला.

"दारात? वारा येतो तिथे. कागद उडणार नाहीत? उजेड पाठीमागून. स्वतःच्याच सावलीत लिहायचं त्याने?"

"मग तो कागदांवर बसत असंल," दाऊदभाई म्हणाले. हे भाषांतर नव्हतं, त्यांचं स्वतःचं मत होतं.

"त्याला विचारा, काझीने सांगितलेलं त्याला एवढ्या लांबून ऐकू कसं यायचं."

"आंटी, आवाज."

"हा आवाज नाही. हा मुद्दा आहे."

पहारेकरीही आता तापला. तो हातवारे करून म्हणाला की काझीसुद्धा जमिनीवरच बसायचा, वालीही जमिनीवर, त्याचे वडीलही जमिनीवर आणि तो स्वतःही, खुर्ची काय मोठी गोष्ट आहे. हे सांगताना तो काझीच्या जागी, गालिच्यावर मांडी घालून बसला, प्रात्यक्षिक म्हणून. मी कोपऱ्यात, माझ्या जागी बसले, माझं प्रात्यक्षिक म्हणून. तिथून काझीच्या जागेवरचं काहीही ऐकू येत नव्हतं. तो काही बोलला, मी "काय?" म्हणाले, तो परत बोलला, मी परत "काय?" म्हणाले. तिसऱ्या वेळी त्याने ओरडून सांगितलं आणि मग आपण काय केलं ते त्याच्याच लक्षात आलं. तो हसायला लागला. मला उठवायला दोघे लागले.

खाली उतरल्यावर त्याने कॉफी दिली, सोबत खजूर. इथली कॉफी बिनदुधाची, बिनसाखरेची, वेलची घातलेली, इवल्या वाटीत. पुरे झाली की वाटी हलवायची, नाहीतर ते ओतत राहतात. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी पाच प्यायले. पाचवी संपल्यावर पहारेकऱ्याने विचारलं, "तारीख?"

"नको रे बाबा," मी म्हणाले. "जन्मभर लोकांना दिल्या."

"ती तारीख नाय, आंटी. ह्यांच्यात तारीख म्हणजे हिस्ट्री. तुमाला हिस्ट्री पायजे का, विचारतो."

एकाच शब्दात दिवस आणि इतिहास दोन्ही. माझ्या नोकरीचं इतकं थोडक्यात वर्णन कोणी केलं नव्हतं. मी तो शब्द पाठ करून घेतला, आणि इथेच मी घोडचूक केली.

दुसरं कोर्ट बाजारात निघालं. पहारेकऱ्याने खुणा सांगितल्या होत्या: हलव्याच्या दुकानामागे, निळं लोखंडी दार. किल्ला अपुरा पडू लागला तेव्हा कोर्ट इथे भाड्याच्या घरात आलं, सिमेंटचं साधं दुमजली घर. आता खाली शिंपी आहे. दार ढकललं तर समोर जज्जचा चौथरा जसाच्या तसा, दोन पायऱ्या उंच, आणि चौथऱ्यावर कापड कापायचं टेबल. पहिल्यांदा मला वाईट वाटलं. मग एक गिऱ्हाईक आत आलं आणि चौथऱ्याखाली उभं राहून वर बघत हिंदीत म्हणालं, "गुरुवारी देणार होतात. आज गुरुवार आहे."

"पुढच्या गुरुवारी," शिंपी वरून म्हणाला.

"मागच्या गुरुवारीही हेच म्हणालात."

"बटण आलं नाही."

गिऱ्हाईक मान खाली घालून निघून गेलं. जागेची परंपरा मोडलेली नाही. शिंप्याने मला माप द्यायचं आहे का विचारलं, मी नाही म्हणाले, पण चौथऱ्यावर चढून एकदा खाली बघून घेतलं. नोकरीभर मी चौथऱ्याच्या खाली बसले. वरून सगळ्यांची टकलं दिसतात, बाकी विशेष काही नाही. हलवा मात्र घ्या. केशराचा, गरम, डब्यात भरून देतात.

तिसरं कोर्ट हमरस्त्याला लागून आहे. नवं, पांढरं, कमानी, आत संगमरवर आणि एसी असा की दात वाजावेत. सरकारी कचेऱ्या दुपारी लवकर बंद होतात, म्हणून जायचं तर एकच्या आत जा, डोक्यावर ओढणी घ्या, बाह्या पूर्ण असू द्या. दाऊदभाई गाडी लावायला गेले, मी एकटीच चौकशीच्या खिडकीशी. पलीकडे काळ्या अबायातली तरुण मुलगी. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई अशा वेळी सरळ इंग्रजीत बोलते. पण मला ताजी अरबी आली होती. मी म्हणाले, "महकमा तारीख." मनात होतं, या कोर्टाचा इतिहास सांगा.

मुलीने शांतपणे माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "रकम?"

वाचकहो, एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी बरंच पाहिलं, पण तारीख मागितल्यावर खिडकीतून, उजेडात, हसऱ्या चेहऱ्याने कोणी रक्कम विचारली नव्हती. परीक्षा, बंदी, बस, सगळं डोळ्यांपुढून सरकलं. मी मनात मरियामातेचं "नमो मारिये" म्हटलं, पूर्ण. दुसऱ्यांदा म्हटलं. मुलगी परत म्हणाली, "रकम?" आणि कागदावर बोट टेकवलं. तिसऱ्यांदा म्हणत असताना दाऊदभाई आले.

"दाऊदभाई," मी म्हणाले, अगदी हळू, "ही मुलगी माझ्याकडे रक्कम मागते आहे."

"नंबर, आंटी. रकम म्हणजे नंबर. तुमच्या केसचा नंबर विचारतीय."

"माझी केस नाही."

"तुमी तारीख मागितली ना. कोर्टात येऊन तारीख मागितली तर ती काय देणार?"

मी इंग्रजीत सगळं सांगितलं. मुलगी इतकी हसली की शेजारच्या खिडकीतलीही उठून आली, आणि मग तिसरी. एका निवृत्त कोर्ट कारकुनीला बघायला जमलेल्या त्या तिघींनी मला खुर्ची दिली आणि पुन्हा कॉफी. यावेळी मी वाटी हलवली. मी त्यांना कातिबाच्या कोपऱ्याबद्दल सांगितलं. पहिली मुलगी म्हणाली, "पण त्याच्याकडे मेज होतं ना. बुटकं, लाकडी. किल्ल्यातून आलं, मग बाजारातल्या घरात होतं, आता आमच्याकडे आहे. आतल्या खोलीत."

मी विचारलं, कोणाचं मेज? काझीचं?

"नाही, कातिबाचं. काझीचं काही राहिलं नाही."

माझं स्वतःचं टेबल आमच्या कोर्टाने जागा बदलली तेव्हा भंगारात गेलं. जज्जसाहेबांची खुर्ची मात्र टेम्पोतून, दोरी बांधून, चादर घालून नेली. आणि इथे दोनदा जागा बदलताना कारकुनाचं मेज कोणीतरी प्रत्येक वेळी उचलून आणलं होतं.

ते बघता येईल का, मी विचारलं. खोलीची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थ रजेवर होते. मुलीने एक चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला आणि खिडकीतून माझ्या हातात ठेवली. मंगळवार, १० फेब्रुवारी, सकाळी दहा. म्हणजे मला तारीख मिळाली. भांडायला काहीच जागा नव्हती. तारीख देणाऱ्याशी भांडून काही होत नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? मी शुक्रन म्हणाले आणि निघाले.

जेवण हमरस्त्यावरच्या हॉटेलात, जमिनीवर प्लास्टिक अंथरून, एका थाळ्यात भात आणि अख्खी कोंबडी. दोघांना पुरून उरते. मला भिंतीकडची जागा द्या म्हणावं, टेकायला.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर सुनावणी झाली. ग्लेनने दाऊदभाईंना स्पीकरवर घेतलं.

"मम्मी कोणाशी भांडल्या का?"

"नाय," दाऊदभाई म्हणाले. "कोटात चर्चा झाली."

"आवाज मोठा होता?"

"कोटवाल्याचा मोठा होता. मम्मींना ऐकू येत नव्हतं."

"आणि कोर्टात?"

"कोर्टात त्या गप होत्या. मीच घाबरलो."

शेरिल हसू दाबत उठून पाणी आणायला गेली. ग्लेनने माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि म्हणाला, "बघू ना, मम्मी. वीकेंडला बोलू."

वीकेंड आला आणि गेला. शनिवारी म्हणाला, ऑफिसचं टेन्शन आहे. आज रविवार. मी पुन्हा विचारलं तर म्हणाला, इन्शाल्ला. काय राहिलं या सगळ्यातून, असं कोणी विचारलं तर सांगते: हलव्याचा डबा संपला, गुडघा अजून दुखतो, आणि खिडकीपलीकडच्या तीन अनोळखी मुलींनी मला खुर्ची दिली, ती मी विसरणार नाही. भिंतींबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण कुठल्याही विलायतीत गेलात तर विचारा, कारकून कुठे बसायचा.

आता श्री. ग्लेन यांस, जे हा ब्लॉग वाचत नाहीत असं म्हणतात आणि चोरून वाचतात. साक्षीपुराव्यानुसार अट पाळली गेली आहे. निकाल विनाकारण राखून ठेवला आहे. निझ्वाकडे जाणारी बस मंगळवारी पहाटे सुटते आणि माझ्या नावाची तारीख पडलेली आहे. तरी बंदी उठवल्याचा लेखी आदेश, स्पष्ट अक्षरात, पूर्ण सहीसह, सोमवार दिनांक ९ फेब्रुवारी, संध्याकाळी सहाच्या आत फ्रिजच्या दारावर लावावा. व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालणार नाही. उत्तर न आल्यास आपली हरकत नाही असं धरलं जाईल. आणि लिहिताना तोंडात पाव असला तरी माझी हरकत नाही.